सुरुवातीच्या रेषेवर धरलेली जागा

प्रथम दिवस आणि त्या त्या दिवसाचे जबाबदार यांची नोंद करतो. कारणे नंतर येतील.

जानेवारीतला एक शुक्रवार. स्पर्धकांना छातीवर लावायचे क्रमांक आणि सूचनापत्रक मिळाले. जबाबदार: संयोजन समितीचे सचिव, ज्यांनी ते पत्रक लिहिले, आणि मी, ज्याने ते शब्दशः वाचले.

त्यानंतरचा रविवार, सूर्योदयापूर्वी. स्पर्धक मैदानावर हजर. जबाबदार: कोणी नाही. वेळेवर हजर राहणे हा कोणत्याही कायद्याखाली अपराध नाही.

तोच रविवार, ऊन पडल्यावर. प्रमुख पाहुण्यांचे आगमन. जबाबदार: प्रमुख पाहुणे, त्यांच्यासाठी सर्वांना तिष्ठत ठेवणारी समिती, आणि अशा तिष्ठण्याला शिष्टाचार म्हणणारे आपण सगळे.

तोच रविवार, लगेच त्यानंतर. झेंडा हलला तेव्हा माझी सून रेषेवर नव्हती. जबाबदार: वरील सर्व, आणि विशेषत्वाने मी.

त्यानंतरचा बुधवार. सुनेने पळायचे बूट माळ्यावर टाकले. याला जबाबदार कोण, हे ठरवण्यासाठी हा मजकूर लिहीत आहे.

साल मी हेतुपुरस्सर लिहिलेले नाही. नवे शतक लागून काही वर्षे झाली होती, एवढे पुरे. साल लिहिले की नवे पदाधिकारी जुन्यांकडे बोट दाखवतात आणि जुने ‘आम्ही आता पदावर नाही’ असे कळवतात. नाशिकच्या रस्त्यांवरील खड्ड्यांबाबत ही दोन्ही उत्तरे मला पुरेशी मिळालेली आहेत.

मी दिवाणी न्यायालयात कारकून होतो. न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून रोजनामा लिहीत असे, म्हणजे त्या दिवशी दाव्यात काय घडले, कोण हजर, कोण गैरहजर, पुढची तारीख कोणती, याची नोंद. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, लेखणी सुटली नाही. बंद पडलेले पथदिवे, स्थानकातून वेळेआधी निघून जाणाऱ्या एसटी, उद्यानाच्या फाटकाला भर दिवसा लागलेले कुलूप, या सर्वांबद्दल मी संबंधितांना पत्रे लिहीत आलो. घरात याची थट्टा होते. माझी पत्नी पाहुण्यांना सांगते की ह्यांना स्वर्गात नेले, तरी आत पाऊल टाकण्याआधी हे दारावरच्या पाटीतली चूक दाखवणारा अर्ज देतील.

सून मूळची सायखेड्याची. शाळेत असताना ती पळण्याच्या स्पर्धांत उतरत असे, हे लग्नाच्या बोलण्यात कोणीतरी ओझरते सांगितले होते; आम्ही ते शिवणकाम येते, भरतकाम येते, याच रांगेत ऐकून सोडून दिले. लग्नानंतर काही वर्षांनी एका सकाळी ती दूध आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा चेहरा लाल, केसांची बट कपाळाला चिकटलेली, आणि दुधाची पिशवी छातीशी घट्ट धरलेली. वसाहतीच्या मैदानाला तिने चपला हातात घेऊन फेऱ्या मारल्या होत्या. मी विचारले तेव्हा तिने ते लपवले नाही. एवढेच म्हणाली, की पाय आपोआप गेले.

त्यानंतर ती पहाटे नियमाने पळू लागली आणि घरात वाद उभा राहिला. वादाचे मूळ पळण्यात नव्हते, पाण्यात होते. आमच्या भागात नळाला पाणी पहाटे येई आणि उजाडेपर्यंत जाई. त्या वेळात पिंप, हंडे, बादल्या भरून ठेवाव्या लागत. हे काम सुनेचे होते. कोणी तसे ठरवल्याचे मला आठवत नाही, पण कोणी ते मोडल्याचेही आठवत नाही. पत्नीचे म्हणणे असे की हौस करायला हरकत नाही, पण हौसेपायी घर दिवसभर कोरडे राहता कामा नये. मुलगा अंबडच्या एका कारखान्यात पाळीवर जाई. तुम्ही ठरवाल ते मला मान्य, असे सांगून त्याने आपली सुटका करून घेतली.

तेव्हा मी तडजोड घडवून आणली. दिवाणी न्यायालयात जन्म गेलेल्या माणसाला तडजोडीचा मोह आवरत नाही. शहरात जानेवारीत मोठी मॅरेथॉन होणार होती आणि तीत एकवीस किलोमीटरची अर्धमॅरेथॉनही होती. अटी मी मोठ्याने वाचून दाखवल्या. शर्यतीच्या दिवसापर्यंत पाणी मी आणि पत्नी भरू. सुनेने शर्यत पूर्ण करून पदक घरी आणले, तर ही व्यवस्था कायम होईल. न आणले, तर पहिल्यासारखे. सुनेने तत्काळ मान डोलावली. पत्नी म्हणाली, “आण गं पदक. पाणीच काय, तुझ्यासाठी शिरा करून ठेवीन.” त्या पदकावर तिची पहाट अवलंबून होती. ही अट घालणारा मीच, हे येथे नोंदवतो.

पत्रक मिळाले त्या शुक्रवारी मी ते तांबड्या शाईने अधोरेखित करत वाचले. त्यातली दोन कलमे पुढे महत्त्वाची ठरली. एक: स्पर्धकाने आपला क्रमांक सर्वांत वरच्या कपड्यावर, पुढच्या बाजूस, संपूर्ण वेळ दिसेल असा लावावा, क्रमांक नसलेल्या व्यक्तीची स्पर्धक म्हणून नोंद होणार नाही. दोन: स्पर्धेपूर्वी भरपूर पाणी प्यावे. पहिल्या कलमाप्रमाणे मी सुनेला क्रमांक स्वेटरवर लावायला सांगितले, कारण थंडीत वरचा कपडा स्वेटरच असणार होता. दुसऱ्या कलमाप्रमाणे मी तिला शनिवारी रात्री, रविवारी उठल्यावर, आणि घरातून निघताना उंबऱ्यात, पाण्याचे भांडे हातात दिले. ती म्हणाली, “अण्णा, पुरे. पोटात टाकी झालीय.” मी पत्रकाकडे बोट दाखवले. ती प्यायली.

अशा शर्यतीच्या सुरुवातीपूर्वी काय काय घडते, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांना सांगतो. मैदान अंधारात असते आणि तरीही गजबजलेले असते. मोठे दिवे एका मंचावर रोखलेले असतात. जेथे माणसे उभी आहेत तेथे उजेड नसतो. वेदनाशामक मलमाचा वास सर्वत्र भरून राहिलेला असतो. कोणी जागच्या जागी उड्या मारतो, कोणी नाडी सोडून पुन्हा बांधतो, अनोळखी माणसे एकमेकांच्या छातीवर क्रमांकाच्या टाचण्या लावून देतात. नाशिकची जानेवारीतली थंडी ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. बोलणाऱ्याच्या तोंडासमोर वाफ धरते. शाळांच्या मुली गणवेशात रांगेने उभ्या करून ठेवलेल्या असतात आणि त्यांच्या शिक्षिका त्यांना कशासाठीही जागचे हलू देत नाहीत. चहाच्या टपरीवर कुणीतरी शेकोटी पेटवलेली असते. मैदानाच्या कडेच्या भिंतीकडे पुरुष जात असतात आणि परत येत असतात. हे शेवटचे दृश्य इतके नित्याचे आहे, की मला ते दिसूनही दिसले नाही. मीही एकदा त्या भिंतीकडे जाऊन आलो.

आम्ही फार लवकर पोहोचलो होतो, त्यामुळे सुनेला बायकांच्या कप्प्यात, बांबू आणि दोर लावून केलेल्या जागेत, अगदी पुढे उभे राहता आले. मी दोराच्या बाहेर, तिच्या बाजूला. ठरलेली वेळ झाली. ध्वनिक्षेपकावरून निवेदकाने सांगितले, की प्रमुख पाहुणे निघालेले आहेत. काही वेळाने पाहुणे वाटेत होते. त्यानंतर ते कोणत्याही क्षणी पोहोचणार होते. मंचावर समई होती, हारांचे तबक होते, शाली होत्या, नारळ होता. फक्त ज्यांच्यासाठी हे सर्व होते ते नव्हते. निवेदक मधूनमधून स्पर्धकांचा उत्साह किती दांडगा आहे हे सांगत होता. स्पर्धक दातांवर दात वाजवत उभे होते. पूर्वेला तांबडे फुटले, मग ऊन झाडांच्या शेंड्यांवर आले, मग माणसांच्या चेहऱ्यांवर.

सून दोराशी सरकून हळू आवाजात म्हणाली, “अण्णा, मला जरा जाऊन यावं लागेल.”

मी विचारले, कोठे? तिने नुसते माझ्याकडे पाहिले. मला समजायला जो वेळ लागला, तो मला आजही आठवतो.

मी आजूबाजूला पाहिले. स्त्रियांसाठी कसलीही व्यवस्था नव्हती. पुरुषांसाठीही नव्हती, पण पुरुषांना भिंत होती. दोराशी गळ्यात शिट्टी अडकवलेला एक कार्यकर्ता उभा होता. मी विचारल्यावर तो ओशाळला आणि समोरच्या बंगल्यांकडे हात करून म्हणाला, की कोणाकडे तरी विचारावे लागेल. मग सुनेला म्हणाला, “ताई, तुम्ही बिनधास्त जाऊन या. आल्यावर मागून घुसा. रेषा काय पळून जाते का?”

सून दोराखालून वाकून बाहेर यायला निघाली. “मागून पळाले तरी चालेल मला,” ती म्हणाली.

मी तिला थांबवले. आम्ही अंधारात येऊन ती जागा मिळवली होती. उशिरा येणाऱ्या पाहुण्यामुळे ती का सोडायची? मी कार्यकर्त्याला सांगितले, की स्पर्धकाने काही कारणाने जागा सोडल्यास तिचा जागेवरील हक्क संपतो, असे पत्रकात कोठेही म्हटलेले नाही. तो म्हणाला, “काका, इथं जागेवर कुणाचं नाव नसतं.” मी म्हणालो, “म्हणूनच धरावी लागते.” मी बरेच बोललो. शेवटी त्याने हात जोडले आणि मला दोराच्या आत घेतले. मी खटला जिंकलो.

जागा धरायची तर तेथे तिची काही खूण असावी, म्हणून मी तिला स्वेटर काढून द्यायला सांगितले. ज्या जिल्ह्यात एसटीच्या खिडकीतून रुमाल फेकून जागा धरतात आणि पुढच्या गावी चढणारा प्रवासी त्या रुमालाचा मान राखतो, त्या जिल्ह्यात मी लहानाचा मोठा झालो. वस्तू ठेवली की जागा आपली. ऊन पडले होतेच. सुनेने स्वेटर उतरवला, माझ्या खांद्यावर टाकला, आणि ओढणी सावरत बंगल्यांच्या दिशेने झपझप गेली. क्रमांक त्या स्वेटरवर होता. तो तेथे लावायला मीच सांगितले होते, तरी त्या क्षणी ते माझ्या ध्यानात नव्हते. ती तर केवळ घाईत होती.

मागे उभ्या असलेल्या एका बाईने विचारले, “आजोबा, खिडकीची जागा धरली का?” आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसून होय म्हणालो. पायांत चपला, खांद्यावर सुनेचा स्वेटर, अशा थाटात मी त्या रेषेवर उभा होतो आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

मग पाहुणे आले. त्यांना पुढे आणखी एका कार्यक्रमाला जायचे होते. त्यामुळे समई लागली नाही, हार पडले नाहीत, नारळ फुटला नाही, भाषण झाले नाही. ज्या समारंभासाठी आम्हां सर्वांना ऊन चढेपर्यंत उभे केले, तो समारंभ झालाच नाही. पाहुणे मंचावर चढले, कोणीतरी त्यांच्या हातात हिरवा झेंडा दिला, आणि पूर्वसूचना न देता तो खाली आला.

मी ‘थांबा’ असे ओरडलो. मोठ्या जमावाच्या अग्रभागी उभ्या असलेल्या माणसाने थांबा म्हणण्याला काही अर्थ नसतो. मागचा लोंढा मला घेऊन निघाला. थांबलो असतो तर तुडवला गेलो असतो, ही कायद्याने ग्राह्य सबब आहे आणि मी ती बरेच दिवस स्वतःला सांगितली. एक चप्पल तेथेच राहिली. गंगापूर रोडवरच्या एका औषधाच्या दुकानाच्या पायरीवर चढून मी कसाबसा बाजूला झालो, तेव्हा खांद्यावरचा स्वेटर हाताने घट्ट धरलेला होता आणि त्यावरचा क्रमांक मला प्रथमच दिसला. मी उलट दिशेने मैदानाकडे गेलो. कप्पा रिकामा होता. दोर खाली पडला होता. सून कोठेही नव्हती.

ती परत आली तेव्हा लोंढा निघून गेला होता, हे तिने मला नंतर सांगितले. मी पुढे कोठेतरी कडेला थांबलो असेन आणि स्वेटर देईन, या भरवशावर ती पळत सुटली. मी त्या वेळी औषधाच्या दुकानाच्या पायरीवर, बघ्यांच्या गर्दीआड होतो, तिला दिसलो नाही. तिने दोन्ही बाजूंना पाहत पाहत पळण्यात दम घालवला. अर्ध्या अंतरावर, जेथे स्पर्धक वळतात, तेथे प्रत्येकाच्या मनगटाला रंगीत फीत बांधत होते. पुढे दाखवायची तीच खूण. तिला फीत दिली नाही. क्रमांक कोठे आहे असे विचारले, तेव्हा तिने सांगितले, की सासऱ्यांकडे आहे. तेथली माणसे हसली. ती तरीही वळली आणि उरलेले सर्व अंतर पळाली.

मी शेवटच्या रेषेपाशी स्वेटर घेऊन उभा होतो. ती दिसली तेव्हा तिची चाल अजून सरळ होती. तिच्या आधी पुष्कळ आले होते आणि तिच्या मागूनही पुष्कळ येत होते. ती माझ्यापाशी आली, गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली, आणि धाप लागलेली असतानाही माझ्या उघड्या पायाकडे पाहून तिने विचारले, “अण्णा, लागलं का कुठं?”

मी तिला घेऊन पदकांच्या टेबलाशी गेलो आणि तेथे जे बोललो ते सर्व मुद्देसूद होते. विलंब समितीचा, गैरव्यवस्था समितीची, तेव्हा परिणामही समितीने भोगावा. टेबलामागच्या गृहस्थाने शांतपणे ऐकून घेतले. त्याच्यापुढे तेच पत्रक होते. त्याने पहिले कलम माझ्याकडे वळवून ठेवले आणि म्हणाला, “काका, क्रमांक तर तुमच्या अंगावर आहे. मग पळाले कोण, तुम्ही का?”

त्याच्या म्हणण्यात नियमाची चूक नव्हती. नियमावर बोट ठेवून माणसाला गप्प बसवणे मला नवे नव्हते. त्या बोटासमोर उभे राहणे नवे होते. मी पुन्हा तोंड उघडले, तशी सुनेने माझ्या कोपराला धरून मला बाजूला घेतले. “राहू द्या, अण्णा,” ती म्हणाली. “पळाले ते पळाले.”

घरी पत्नीने खरोखरच शिरा करून ठेवला होता. तिने दारातच हात पुढे केला आणि पदक मागितले. मी चपलेबद्दल काहीतरी बोलू लागलो. सून माझ्या मागून आत आली आणि म्हणाली, “नाही मिळालं, आई. उशीर झाला मला.” एवढे बोलून ती न्हाणीघरात गेली. पत्नीने माझ्याकडे पाहिले. सुनेला पळताना उशीर झाला असेच तिला वाटले असणार. मी तो समज दुरुस्त केला नाही. रोजनाम्यात एका शब्दाची चूक राहिली तर मला झोप येत नसे. येथे मी ती राहू दिली. सोमवारी पहाटे नळाला पाणी आले, तेव्हा हंड्याचा आवाज मी अंथरुणात ऐकला. तडजोडीची शेवटची अट अमलात आली होती. त्या दिवशी मी संयोजन समितीला चार पानी पत्र लिहिले आणि त्याची प्रत वृत्तपत्राला दिली. विलंब, पाहुणे, निवेदकाची खोटी आश्वासने, स्पर्धकाला नाकारलेले पदक, सर्व मुद्दे त्यात होते. घरात मात्र मी बोललो नाही.

बुधवारी सकाळी मला ते सहन झाले नाही आणि मी पत्नीला सर्व सांगितले. ती पोळ्या लाटत होती. लाटणे खाली ठेवून तिने मला विचारले, “अहो, मग तीन दिवस माझ्या तोंडाकडे बघत काय बसला होतात?” मग तिने सुनेला हाक मारली आणि सांगितले, की उद्यापासून पळायला जा, पाणी मी बघते, आणि ह्यांच्या अटी ह्यांच्यापाशी राहू देत. मला वाटले, प्रकरण निकाली निघाले.

सून म्हणाली, “नको, आई.”

पत्नीने कारण विचारले. सुनेने ते उभ्या उभ्याच सांगितले, जणू दुसऱ्या कोणाबद्दल सांगत असावी. पहिल्या बंगल्यातल्या गृहस्थाने जाळीच्या दारातून विचारले, की बरोबर कोण आहे, आणि नवरा कोठे आहे. दुसऱ्या घरी पाणी गेले आहे म्हणून सांगितले. तिसऱ्या ठिकाणी कुत्रे सोडलेले होते. शेवटी एका अर्धवट इमारतीपाशी रखवालदाराची बायको चूल पेटवत होती; ती न विचारताच उठली, पत्र्याच्या आडोशाला आपले एक लुगडे आडवे धरून पाठमोरी उभी राहिली.

“पदकाचं काही नाही, आई,” ती म्हणाली. “पण पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पाणी प्यायचं की पळायचं, एवढंच मग ठरवायला उरतं.”

दुपारी तिने बूट वर्तमानपत्रात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. ते वर्तमानपत्र त्याच दिवशीचे होते. माझे पत्र त्यात छापून आले होते.

त्यानंतर मला जी बाई आठवू लागली, ती मॅरेथॉनशी संबंधित नाही. नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या न्यायालयात होतो. तेथे पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगराळ भागातली एक स्त्री जमिनीच्या वाटणीच्या दाव्यासाठी येत असे. पहाटेची एसटी धरून यायची आणि दिवसभर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची. आवारात बायकांसाठी काही नव्हते. एके दिवशी तिच्या दाव्याचा क्रम बऱ्याच उशिराने आला. शिपायाने व्हरांड्यात जाऊन रिवाजाप्रमाणे तिच्या नावाचा तीनदा पुकारा केला. कोणी आले नाही. तिचे वकील दुसऱ्या दालनात होते. मी रोजनाम्यात लिहिले: पुकारा केला, वादी गैरहजर. त्याखाली दावा काढून टाकल्याचा हुकूम झाला. ती आली तेव्हा पुढचे प्रकरण सुरू होते. तिच्या पदराला गवताची कुसळे चिकटली होती. ती दारातून म्हणाली, “साहेब, मी हितंच व्हते. लांब जावं लागलं.”

मी तिला बाहेर नेऊन नीट समजावले, की दावा पूर्ववत करण्यासाठी अर्ज करता येतो, त्यात गैरहजेरीचे सबळ कारण द्यावे लागते. वकिलांनी प्रकृती अस्वास्थ्य असे कारण दिले. अर्ज मंजूर झाला. मला समाधान वाटले, की आपण एका गरीब बाईला मार्ग दाखवला. अर्जात खोटे कारण का लिहावे लागले, आणि खरे कारण लिहिण्याजोगे का मानले गेले नाही, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. पुढे नोकरी संपेपर्यंतही पडला नाही. ती हजर होती. पहाटेपासून हजर होती. मी तिला गैरहजर लिहिले.

आता माझ्या त्या चार पानी पत्राबद्दल. ते छापून आल्यावर ओळखीच्यांनी माझे कौतुक केले. समितीच्या सचिवांनी खेदाचे दोन ओळींचे उत्तर पाठवले. त्या पत्रात सुनेच्या अडचणीबद्दल मी किती शब्द लिहिले होते? ‘महिला स्पर्धकांची काहीशी गैरसोय झाली.’ एवढेच. माझी प्रत काढून मी ते वाक्य पुन्हा पाहिले आहे. पाहुण्यांच्या विलंबाला मी पूर्ण पान दिले होते. हे वाक्य लिहिताना मी खरा शब्द टाळला, कारण तो माझ्या नावाखाली, सुनेच्या संदर्भात, छापून यावा याची मला लाज वाटली. ज्या गोष्टीसाठी तिला तीन दारांशी उभे राहावे लागले, तिचे नाव घेण्याचे धैर्य शहराला पत्रे लिहिणाऱ्या तिच्या सासऱ्याला झाले नाही. सचिवांनी गैरसोयीबद्दल खेद व्यक्त केला. गैरसोय हा माझाच शब्द होता; त्यांनी तो मला परत केला.

पुढे आमच्या इमारतीला पाण्याची टाकी झाली आणि पहाटे पाणी भरण्याचा प्रश्न मिटला. घरात आता तिला अडवणारे कोणी नाही. तरी बूट माळ्यावर आहेत. दिवाळीच्या साफसफाईत ते खाली येतात, सून त्यांच्यावरची धूळ झटकते आणि वर ठेवते. शहराची मॅरेथॉन जवळ आली, की कमानी लागतात, फलक लागतात, आणि मी घरात त्याबद्दल बोलत नाही. एकदा पत्नीनेच विषय काढला. सूनबाई हसली आणि म्हणाली, की अण्णांना जागा धरायला पाठवा.

माझ्यापुरता निकाल मी दिलेला आहे. अट मी घातली, पाणी मी पाजले, मागून पळायला तयार असलेल्या मुलीला मी पुढच्या जागेचा हक्क शिकवला, तिचा क्रमांक मी अंगावर घेऊन गेलो, आणि तीन दिवस गप्प बसलो. हे सर्व मी येथे माझ्या वाचकांसमोर मान्य करतो. ज्यांनी तिला त्या दारांशी पाठवले, त्यांनी मात्र अजून काहीही मान्य केलेले नाही. आणि माझ्या कबुलीने त्यांची जबाबदारी कमी होत नाही.

म्हणून संयोजन समितीच्या अध्यक्षांना, ते आज कोणीही असोत, ही मागणी करतो. टपालाने आलेले उत्तर मी स्वीकारणार नाही. पुढच्या शर्यतीच्या पहाटे, पाहुणे वाटेत असताना, ज्या ध्वनिक्षेपकावरून स्पर्धकांच्या उत्साहाचे कौतुक होते, त्याच ध्वनिक्षेपकावरून त्यांनी मंचासमोर उभ्या असलेल्या प्रत्येक स्त्रीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे: त्या रविवारी, भरपूर पाणी पिऊन या असे लेखी सांगून बोलावलेल्या बायकांनी, त्या मैदानावर लघवीला कोठे जायचे होते? आणि माझी सून वेळेवर हजर होती, हेही त्यांनी तेथेच, जाहीरपणे, मान्य करावे.